मोबाईलवर पेटी गेली, पण नाव राखले का?

बागायतदार बंधूंनो, आंब्याची पेटी वाशीला पाठवायची आणि दलालाची पट्टी येईपर्यंत वाट बघायची, ही आपली जुनी रीत. आता घरातली पोरे आढीतल्या आंब्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात आणि पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक थेट मागणी नोंदवते. भाव आपला, पैसे यूपीआयने खात्यात. चांगलेच झाले!

पण फोटो काय, कुणीही टाकतो. परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून खपवणाराही मोबाईल घेऊनच बसला आहे. त्याच्याकडून फसलेले गिऱ्हाईक उद्या तुमच्याकडेही संशयाने बघणार. यावर इलाज आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ते आपोआप आपल्या पेटीवर चढत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येकाने नोंदणी करावी लागते. तुम्ही केलीत का? केली असेल तर तो क्रमांक पेटीवर छापा, फोटोखालीही द्या.

आणखी एक. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. टाकायला सांगणारा गिऱ्हाईक नव्हे, ठग समजा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हंगामाआधी एक दिवस या नोंदणीच्या कागदपत्रांसाठी द्यावा. गावाचे नाव पेटीबरोबर बाहेर जाते, ही जबाबदारी एकट्या बागायतदाराची नाही.

आणि कोवळा आंबा काढू नका. फोटो बघून पहिली पेटी जाईल. दुसरी जाते ती चवीवरच.