बॅकअपची खातरजमा

पतसंस्था, ग्रंथालये आणि शाळा यांनी आपले दप्तर स्वतःच्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये ठेवावे हे स्वागतार्हच आहे. परंतु 'बॅकअप रोज रात्री होतो' एवढ्या एका वाक्यावर त्यांचे चालक जे निश्चिंत असतात, ती निश्चिंती किती निराधार ठरू शकते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने गिटलॅब या कंपनीवर ३१ जानेवारी २०१७ रोजी ओढवलेला प्रसंग अवश्य अभ्यासावा. दुय्यम सर्व्हरवरील डेटा पुसून तो नव्याने भरून घ्यावा या हेतूने एका अभियंत्याने दिलेली कमांड मुख्य सर्व्हरवरच चालली, आणि चूक ध्यानी येऊन त्याने ती थांबवली तोवर सुमारे ३०० जीबींपैकी अवघे साडेचार जीबी शिल्लक उरले होते. त्याहून भयंकर गोष्ट पुढे उघडकीस आली: डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीचा, तर त्याची प्रत काढणारा पीजी-डम्प ९.२ चा, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. अपयशाची वर्दी देणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. आणि प्रती ठेवावयाची जागा रिकामी होती. चाचणीच्या कामासाठी त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट दैवयोगाने हाती लागला म्हणून बहुतेक सारे वाचले. तरीही मधल्या सहा तासांची भर कायमची गेली आणि सेवा पूर्ववत होण्यास सुमारे १८ तास लागले. कंपनीने काहीही न लपविता दुरुस्तीचे काम जगासमोर थेट प्रक्षेपित केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यास्तव माझे आग्रहाचे म्हणणे असे की, दर तिमाहीस एकदा तरी, चालू सर्व्हरला हात न लावता, निराळ्या यंत्रावर या संस्थांनी आपल्या बॅकअपची प्रत प्रत्यक्ष उभी करावी, तीत सभासदांच्या नोंदी मोजून मूळ संख्येशी ताडून पाहाव्यात, आदल्या दिवसाची शेवटची पावती सापडते का हे पाहावे, आणि एकट्या डेटाबेसच्या पीजी-डम्पमध्ये वापरकर्त्यांची खाती येत नसल्याने ती स्वतंत्रपणे घेतली आहेत की नाही याचीही खातरजमा करावी. या कामास एक दिवस मोडतो, ही तक्रार खरी आहे. पण ठेवीदारांच्या हिशेबाचा प्रश्न असता ती ग्राह्य धरता येणार नाही. वार्षिक लेखापरीक्षणात रोकड मोजली जाते, तद्वत प्रत शेवटची केव्हा उभी केली, त्यास किती तास लागले आणि ते कोणी केले, याचा सहीनिशी दाखला लेखापरीक्षकाने मागावा.