‘नॉन-डेअरी’ पावडरीत दूध आहे, हे कोण सांगणार?

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथल्या एखाद्या गाळ्याच्या ऑफिसात डोकावा. कोपऱ्यात चहा-कॉफीचे मशीन दिसेल. बटण दाबले की कॉफी हातात. दूध उतू जाण्याची भीती नाही, नासण्याची नाही, फ्रीजही लागत नाही. मशीनमध्ये ओतल्या जाणाऱ्या प्रीमिक्सच्या पिशवीकडे मात्र कोणी बघत नाही. पिशवी कापली, ओतली, कचऱ्यात गेली. त्या पिशवीबरोबर लेबलही गेले.

काही प्रीमिक्समध्ये दुधाच्या पावडरीऐवजी ‘नॉन-डेअरी क्रीमर’ असते. दुकानात आणि ऑनलाइन ते सुटेही मिळते. नाव वाचून कोणालाही वाटेल, यात दूध नाही. मीरा-भाईंदरमध्ये जैन वस्ती मोठी आहे, दूधही सोडलेली तरुण मंडळी आता भेटतात. शिवाय दूध पचत नाही म्हणून टाळणारे घरोघरी आहेत. हे सगळे त्या नावावर विसंबतात.

पाकीट उलटे करून पाहा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. बहुतेक पावडरींत सुरुवातीला ग्लुकोज सिरपची पावडर असते. ती स्टार्चपासून, बहुधा मक्याच्या, तयार होते. मग हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, बऱ्याचदा पाम कर्नल किंवा खोबरेल. थोडे खाली एक छोटे नाव येते: सोडियम केसिनेट.

गोम इथेच आहे. दूध फाटल्यावर जो पांढरा चोथा वेगळा होतो, ज्याचे आपण पनीर करतो, त्यातले मुख्य प्रथिन म्हणजे केसिन. सोडियम केसिनेट त्याच्यापासूनच बनते. तेलाचे बारीक थेंब कॉफीत मिसळून राहावेत, वर तवंग येऊ नये, म्हणून ते घालतात. म्हणजे पावडरीत दुधाची साय नाही, दुधाची भुकटी नाही, पण दुधाचे प्रथिन आहे. अमेरिकेत अशा ‘नॉन-डेअरी’ मालाच्या यादीत केसिनेट दुधापासून आले आहे, असे त्याच्या नावापुढेच लिहावे लागते. आपल्याकडेही दूध हा ॲलर्जीकारक घटक म्हणून जाहीर करण्याचे बंधन आहे. पण ती ओळ मागे, बारीक अक्षरांत. ‘नॉन-डेअरी’ पुढे, ठळक.

याचा त्रास सगळ्यांना सारखा नाही. ज्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही, त्यांना केसिनेटमुळे सहसा काही होत नाही, कारण त्यात लॅक्टोज नगण्य असते. ज्यांना दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी आहे, त्यांची गोष्ट वेगळी. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकते. ‘दूध सोसत नाही’ या एकाच वाक्यात आपण दोन्ही बसवतो, तिथे घोळ होतो.

हिरव्या ठिपक्याचाही इथे उपयोग नाही. आपल्या नियमांत दूध शाकाहारीच आहे. दूध नको असेल तर विगन चिन्ह शोधावे, हिरव्या रंगातला पानासह ‘व्ही’. त्याचे नियम २०२२ मध्ये आले. ओट, सोया, बदाम किंवा नारळापासून केलेल्या काही क्रीमरवर ते दिसते. पण सोया आणि बदाम यांचीही काहींना ॲलर्जी असते, तेव्हा यादी वाचण्यातून सुटका नाही.

यादीतल्या आकड्यांना घाबरायचे कारण नाही. ४७१ तेल-पाणी एकत्र ठेवते, ५५१ गुठळ्या होऊ देत नाही, ३४० मुळे गरम कॉफीत पावडर फाटत नाही. मात्र ३४० म्हणजे पोटॅशियमचे फॉस्फेट. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना दाखवावे. ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून तेल-चरबीच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण संपृक्त चरबी राहतेच. आणि मधुमेही माणूस मशीनवर ‘बिनसाखरेची’ कॉफी घेतो, तेव्हा क्रीमरमधले ग्लुकोज सिरप त्याच्या हिशेबात नसते.

मला खटकते ते वेगळेच. बदामाच्या पेयाला ‘दूध’ म्हणू नका, असे अन्न सुरक्षा प्राधिकरण कंपन्यांना बजावते. ते योग्यच आहे. मग दुधाचे प्रथिन घातलेली पावडर ‘नॉन-डेअरी’ नावाने का विकली जावी? नावाबाबतचा काटेकोरपणा दोन्ही बाजूंनी हवा. केसिनेट असेल तर पुढच्या बाजूलाच, त्याच आकाराच्या अक्षरांत ‘दुधाचे प्रथिन आहे’ असे छापायला लावावे.

मशीनचा प्रश्न तर त्याहून साधा आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यसाखळ्यांना ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. गाळ्यातले, दवाखान्यातले, क्लासमधले मशीन त्या कक्षेत येत नाही, आणि पिणाऱ्याला पाकीट कधी दिसतच नाही. नियम होईपर्यंत थांबायची गरज नाही. पिशवी फेकण्याआधी मागची बाजू कात्रीने कापून मशीनवर सेलोटेपने चिकटवता येते. आमच्या ऑफिसात आम्ही ते केले. पहिल्याच दिवशी दोघांनी बिनदुधाची काळी कॉफी मागितली आणि पुरवठादाराला फोन गेला: दुधाच्या पावडरीचे प्रीमिक्स किलोमागे कितीला पडेल?