मलेरियासाठी बोट पुढे, एचआयव्हीसाठी मागे. मुलचेऱ्यात तपासणी कुठे हवी, हे लोकांना कोण विचारणार?

मुलचेरा : अंगात ताप भरला की तालुक्यातल्या गावांत आशाताईला बोलावणं जातं. ती किट घेऊन येते, बोटाला टोचते आणि थोड्याच वेळात मलेरिया आहे की नाही ते सांगते. राज्यातल्या मलेरियात गडचिरोली जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिलाय, त्यामुळे टोचून घेणं इथं कुणाला नवीन नाही. एचआयव्हीची पहिली चाचणीसुद्धा अशीच थेंबभर रक्तावर होते. पण तिचं नाव निघालं की तेच बोट मागे सरकतं.

लोक अडाणी आहेत, जनजागृती वाढवा, असं म्हणून विषय संपवणं सोपं आहे. पण सुईची भीती नाही, आशाताईवर अविश्वास नाही, मग अडतं कुठे? अडतं ते ओळखीपाशी. आशाताई गावचीच, कुणाची सून, कुणाची वहिनी. मलेरियात हीच मोठी सोय आहे. एचआयव्हीत हीच अडचण होते. ती कुणाला काही सांगणार नाही, हे मान्य. पण ती घरात का आली होती, हे शेजारी विचारणारच.

मग दूर जावं का? अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय आहे, गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय आहे. तिथल्या तपासणी व समुपदेशन केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला आयसीटीसी म्हणतात तिथे, चाचणी फुकट होते आणि ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यताही कमी. पण दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर रस्ताच बंद. जवळ हवं तर गुपित राहत नाही, गुपित हवं तर दिवस मोडतो.

यातलं काय निवडायचं, हे प्रत्येकाचं वेगळं असणार. सुरजागडच्या खनिजाच्या गाडीवर असलेला ड्रायव्हर आलापल्ली किंवा आष्टीला थांबून तपासून घेईल, तेही रात्री केंद्र उघडं असेल तर. तेलंगणात मिरची तोडायला जाऊन आलेल्या मजुराला गावात राहायचे थोडेच दिवस मिळतात. घरच्या बाईला तर कारण न सांगता एकटीनं अहेरीला जाणंही अवघड. तिची चाचणी बहुधा गरोदरपणातच होते, आणि तिथे ती फारशी कचरतही नाही. कारण तिथे सगळ्याच गरोदर बायांना विचारलं जातं, कुणा एकीकडे बोट जात नाही.

नवरा मात्र तपासणीशिवाय राहतो. बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आपलाही तसाच, असं धरून चालणारे पुरुष कमी नाहीत. हे चूक आहे. जोडप्यात एकाला लागण असून दुसऱ्याला नसणं, हे अनेकदा दिसतं. पुरुषासाठी मात्र गरोदरपणातल्या तपासणीसारखं न लाजता जाण्याचं ठिकाण नाही.

लोकांना विचारून सेवा उभी करायची, ही गोष्ट गडचिरोलीला परकी नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांत बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ६५० बायांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. बाया दुखणं अंगावर काढत होत्या, कारण सांगावं अशी जागाच नव्हती. पुढे त्यांच्याच 'सर्च' संस्थेचा दवाखाना शोधग्राममध्ये उभा राहताना आदिवासींना विचारलं गेलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाईक जवळ हवेत, देवी हवी, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तिथे झोपड्यांसारखी रचना झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरीचं नाव मिळालं.

योगायोग असा की 'सर्च' याच नावाचा एक मोठा अभ्यास २०१३ पासून युगांडा आणि केनियात झाला. तिथे ३२ ठिकाणी आरोग्य मेळे भरले. बीपी, शुगर, मलेरिया आणि एचआयव्ही, सगळं एकाच मांडवात. जे आले नाहीत त्यांच्या घरी किंवा ते म्हणतील त्या ठिकाणी कर्मचारी गेले. दहापैकी जवळपास नऊ प्रौढांची एचआयव्ही तपासणी झाली. रांग सगळ्यांची एकच असली की कोण कशासाठी उभं आहे, हे कळत नाही.

आपल्याकडे २०२३ पासून सिकलसेलची देशव्यापी मोहीम सुरू आहे, टीबीची तपासणी असते, बीपी-शुगरची असते. त्याच रांगेत एचआयव्ही चाचणी देता येईल. मात्र सिकलसेलसाठी घेतलेल्या रक्तात गुपचूप एचआयव्ही तपासून टाकणं चालणार नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यानुसार माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच चाचणी करायची असते आणि निकाल गुप्त ठेवायचा असतो. शिबिरात उरकायची घाई असते, तिथे नेमकं हेच राहून जातं. पडद्याआड दोन खुर्च्या टाकायला फार खर्च येत नाही, पण तेवढीही सोय नसेल तर शिबिरात एचआयव्ही चाचणी न ठेवलेली बरी.

समजावायचं कुठल्या भाषेत, हा मुलचेऱ्याचा खास प्रश्न. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं या तालुक्यात आहेत. शेजारच्या गावात माडिया किंवा गोंडी, पुढे तेलुगू. मराठीत छापलेलं एकच पत्रक सगळ्यांच्या हातात देऊन समुपदेशन झालं, असं कसं म्हणायचं? आणि दुभाषा म्हणून गावचाच माणूस बसवला तर गुपित पुन्हा गावातच.

उशिराची किंमत मोठी आहे. एआरटीची औषधं देशात २००४ पासून फुकट मिळतात. २०१७ पासून लागण कळली की लगेच उपचार, असं धोरण आहे. पांढऱ्या पेशी कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतका उरला नाही तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेत उपचार मिळाले तर बाळाला होणारी लागणही बहुतेक वेळा टळते. हे सगळं चाचणी वेळेत झाली तर. टीबी होऊन, वजन घटून माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा बरीच वर्षं गेलेली असतात.

ग्रामसभा इथे एक काम करू शकते. शिबिर कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, कर्मचारी गावचे की बाहेरचे, बाया-पुरुषांची वेळ वेगळी हवी का, हे ठरवून आरोग्य केंद्राला कळवणं. तेंदूच्या हंगामात सकाळी दहाचं शिबिर ठेवलं तर कोण येणार, हे गावाला सांगावं लागत नाही. कुणी तपासून घेतलं आणि कुणी नाही, ही यादी मात्र ग्रामसभेनं मागायची नाही.

तोवर ज्याला आजच काही विचारायचंय, त्याच्यासाठी १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. फोन फुकट लागतो. चाचणीआधी एवढं लक्षात ठेवावं : लागण झाल्यावर पहिले काही आठवडे चाचणीत ती दिसेलच असं नाही, म्हणून धोका वाटल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. आणि पहिल्या चाचणीत पॉझिटिव्ह दिसलं तरी तो शेवटचा निकाल नसतो. आयसीटीसीत आणखी वेगळ्या चाचण्या करूनच तो पक्का होतो.