पाव इंचाचा हिशेब
अमेरिकेत कयाकवरून बास मासे पकडण्याच्या बहुतेक स्पर्धांत वजनकाटा नसतो; मासा मापपट्टीवर ठेवायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायचा. निकाल लांबीवर, तोही पाव-पाव इंचाने. म्हणूनच मापपट्टीची डागडुजी हा तिकडे भलताच गंभीर उद्योग आहे. आधी ढिली होते ती टोकाची उभी आडफळी, जिला माशाचं तोंड टेकवायचं असतं. ती सूतभर मागे सरकली तरी शून्य हलतं आणि प्रत्येक मासा आखूड भरतो. तिथे नुसता गोंद पुरत नाही. स्टेनलेसचे स्क्रू हवेत, आणि मग पोलादी फूटपट्टीने माप पडताळायला हवं. उन्हात उडालेले आकडे काळ्या मार्करने गिरवायचे, कारण परीक्षकाला दिसतो तो फोटोच. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर खाली फोम चिकटवावा, नाहीतर ती तळ गाठते. रंग फिकटच बरा. गडद पट्टी उन्हात तापते. मासा ठेवण्याआधी ती भिजवायची, कोरड्या पट्टीवर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि जंतुसंसर्ग अडवतो तो हाच थर.