विश्लेषण : ‘आठ लाखांचे उत्पन्न’ म्हणजे नेमके किती? सरकारी पोर्टलची अडचण भाषांतराची नाही, अर्थाची आहे

निकाल लागले, प्रवेशाचे वेळापत्रक आले की सेतू केंद्रांवर गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, जातीचा दाखला. हे सगळे आता ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरबसल्या मागता येते. तरीही केंद्रातल्या ऑपरेटरच्या मदतीशिवाय अर्ज भरायला अनेक पालक धजावत नाहीत. सर्व्हर बंद पडला, ओटीपी आला नाही, याची चर्चा होते. त्याहून जुनी आणि न दिसणारी अडचण मात्र शब्दांची आहे.

शब्दांची अडचण म्हणजे काय?

ती दोन प्रकारची आहे. पहिला प्रकार म्हणजे वस्तू एक, नावे अनेक. लोक ‘डोमिसाइल’ म्हणतात, सरकार ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ म्हणते. लोक ‘सातबारा’ म्हणतात. महसुली भाषेत गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक आहे आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. साध्या शोधचौकटीला फक्त अक्षरे दिसतात. ‘डोमिसाइल’ आणि ‘अधिवास’ एकच आहेत, हे कुणी सांगितल्याशिवाय तिला कळत नाही. उलट ‘रहिवासी दाखला’ हा शब्द अधिवासाच्या जवळचा वाटतो, पण तो वेगळा कागद आहे. तो घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या खिडकीवरून परत फिरावे लागते.

दुसरा प्रकार अधिक महागात पडतो. शब्द एक, अर्थ अनेक.

एकाच आकड्याचे दोन अर्थ कसे?

‘उत्पन्न मर्यादा ८ लाख रुपये’ हे वाक्य आर्थिक दुर्बल घटकांच्या म्हणजे ईडब्ल्यूएसच्या निकषात आहे आणि ओबीसींच्या नॉन-क्रिमीलेअरमध्येही आहे. केंद्राच्या २०१९ च्या ईडब्ल्यूएस नियमात पगार, शेती, धंदा, सगळे उत्पन्न मोजले जाते. तेही आधीच्या एका आर्थिक वर्षाचे. कुटुंबात अर्जदार, आईवडील, पती किंवा पत्नी, १८ वर्षांखालील भावंडे व मुले येतात. क्रिमीलेअरचा मूळ नियम १९९३ चा. त्यात आईवडिलांचे उत्पन्न पाहतात, सलग तीन वर्षांचे पाहतात, आणि पगार व शेतीचे उत्पन्न या बेरजेत धरत नाहीत. नोकरदारांना पदाची वेगळी कसोटी लागते.

समजा, वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, पगार वर्षाला ७ लाख, शेतीचे २ लाख, आई घर सांभाळते. उत्पन्नाच्या दाखल्यावर ९ लाख येतील. ‘मर्यादा ८ लाख’ एवढेच वाचणारी ओबीसी मुलगी अर्जच करणार नाही. प्रत्यक्षात हे ९ लाख क्रिमीलेअरच्या बेरजेत धरलेच जात नाहीत. इथे सर्व्हर चालू असतो, पोर्टल मराठीत असते, कायदाही तिच्या बाजूने असतो. तिची जागा जाते ती एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे.

सिमँटिक तंत्रज्ञान इथे काय करते?

‘सिमँटिक’ म्हणजे अर्थविषयक. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखातून ही कल्पना सर्वांपुढे मांडली. पानावरचा मजकूर माणसाला वाचता येतो. त्याचा अर्थ संगणकालाही कळेल अशा रीतीने लिहावा, ही ती कल्पना.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक संकल्पनेला कायमचा क्रमांक द्यायचा. त्या क्रमांकाखाली अधिकृत नाव, बोलीतली नावे, इंग्रजी नाव नोंदवायचे. मग संकल्पनांमधली नाती छोट्या विधानांत लिहायची : ‘नॉन-क्रिमीलेअर – मोजते – पालकांचे उत्पन्न’, ‘ईडब्ल्यूएस – मोजते – कुटुंबाचे सर्व उत्पन्न’. ‘पालकांचे उत्पन्न’ आणि ‘कुटुंबाचे सर्व उत्पन्न’ यांना वेगळे क्रमांक मिळाले की पोर्टल त्यांची गल्लत करू शकत नाही. अशा शब्दसूचीसाठी ‘स्कॉस’ नावाचे जागतिक मानक २००९ पासून उपलब्ध आहे.

क्रमांकाचा फायदा आपण नुकताच पाहिला आहे. उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचे अहिल्यानगर. जुन्या दाखल्यावर जुने नाव, नव्या अर्जात नवे. नावावर चालणारी यंत्रणा इथे अडखळते. क्रमांकावर चालणारीला फक्त पाटी बदलावी लागते.

इतर देशांनी काय केले?

युरोपीय संघाने सार्वजनिक सेवांचे वर्णन करण्यासाठी सामाईक शब्दसंग्रह ठरवला आहे. सेवा कोण देते, कोणत्या नियमाखाली, कोणते पुरावे लागतात, किती शुल्क, हाती काय मिळते, हे सगळे ठरलेल्या रकान्यांत लिहायचे. २०१८ च्या त्यांच्या नियमाने एकदा दिलेला कागद पुन्हा मागू नये, हे तत्त्वही आणले. त्यासाठीच्या यंत्रणेत एका देशातली अट दुसऱ्या देशातल्या कोणत्या कागदाने पूर्ण होते, याची नोंद ठेवलेली असते.

त्यात ‘जीवनप्रसंग’ हा रकानाही आहे. आपल्याकडे त्याची गरज जास्त आहे. दारिद्र्यरेषेखालील शेतकरी कुटुंबातला कर्ता माणूस गेला तर मृत्यूचा दाखला, सातबारावर वारस नोंद, संजय गांधी निराधार योजना, राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्याचे २० हजार रुपये, अशी कामे समोर येतात. कार्यालये वेगळी, खाती वेगळी. त्या बाईला यातली अर्धी नावे ठाऊक नसतात. ‘नवरा वारला’ एवढे सांगितल्यावर ही यादी समोर यायला हवी.

आपल्याकडे शून्यातून सुरुवात करावी लागेल का?

नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत गावागावाला स्वतंत्र क्रमांक आहे. ‘मायस्कीम’ हे संकेतस्थळ २०२२ पासून वय, उत्पन्न, प्रवर्ग विचारून योजना सुचवते. राज्याच्या प्रत्येक शासन निर्णयाखाली संगणक संकेतांक छापलेला असतो. म्हणजे कागदाला क्रमांक आहे, त्यातल्या अटींना नाही. अट पीडीएफमध्ये राहते आणि प्रत्येक पोर्टल ती आपापल्या परीने वाचून घेते.

शब्द ठरवण्याची परंपराही आपल्याला नवी नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला. भाषा संचालनालयाने पदनाम कोश, परिभाषा कोश केले. त्या कोशांत शब्दाला प्रतिशब्द दिला. आता शब्दाला क्रमांक आणि नाती द्यायची आहेत.

एआय चॅटबॉटने हे काम होणार नाही का?

व्हॉट्सअ‍ॅपवरून सरकारी सेवा देण्याची घोषणा राज्याने २०२५ मध्ये केली. बोलीभाषा समजणारा चॅटबॉट चांगलाच. पण तो उत्तर कुठून आणणार? खाली दोन ‘८ लाख’ पडलेले असतील, तर तो त्यातला एक उचलून गोड मराठीत आत्मविश्वासाने सांगेल. ऑपरेटर चुकला तर एका अर्जदाराचे नुकसान होते. चॅटबॉट चुकला तर तीच चूक हजारोंना मिळते, आणि जाब विचारायला समोर माणूस नसतो. चॅटबॉट हवाच, पण अर्थसूचीच्या वर, तिच्याऐवजी नव्हे.

यात धोका नाही का?

आहे. अर्थ जोडता जोडता माणसांची माहिती जोडण्याचा मोह होतो. तेलंगणात संगणकीय पडताळणीतून लाखो शिधापत्रिका रद्द झाल्या आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष फेरपडताळणीचे निर्देश द्यावे लागले. म्हणून रेषा स्पष्ट हवी. नियम, अटी, शब्द यांची जोडणी सर्वांसाठी खुली. नागरिकांची माहिती बंद, आणि ती त्यांच्या संमतीनेच वापरायची. यंत्राने ‘तुम्ही पात्र असू शकता’ असे सुचवावे. ‘तुम्ही अपात्र’ हा निर्णय मात्र माणसानेच सहीनिशी द्यावा.

मग करायचे काय?

तीन गोष्टी. पहिली, सर्वाधिक मागणीचे दाखले आणि शिष्यवृत्त्या घेऊन त्यांतल्या ‘उत्पन्न’, ‘कुटुंब’, ‘रहिवास’ या शब्दांची क्रमांकित सूची जाहीर करावी. दुसरी, पात्रतेची अट असलेल्या प्रत्येक नव्या जीआरसोबत ती अट याच क्रमांकांत लिहिलेला तक्ता सक्तीचा करावा. तिसरी, सूची भरताना सेतू केंद्रातल्या ऑपरेटरांना बसवावे. लोक कोणत्या दाखल्याला काय म्हणतात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही.

खर्च सॉफ्टवेअरचा फारसा नाही. अवघड आहे ते दोन खात्यांना एका टेबलावर बसवून ‘तुमचे कुटुंब आणि आमचे कुटुंब वेगळे आहे’ हे कबूल करायला लावणे. पण ते टाळून चालणार नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. ती मुदत अर्ज दाखल झाल्यावर मोजली जाते. आपल्यासाठी काय आहे हेच न कळल्यामुळे ज्याने अर्ज केला नाही, त्याची मुदत कधी सुरूच होत नाही.