विनोबांची पदयात्रा इतिहास, वादकाची पायपीट मात्र किस्सा?

#धागा

वर्धा जिल्ह्याचा इतिहास सांगणारे बहुतेक लेख तीन वास्तूंभोवती फिरतात. सेवाग्रामची बापू कुटी, जमनालाल बजाजांची बजाजवाडी आणि पवनारचा परमधाम आश्रम. यांत चूक काही नाही. चूक यापुढे होते. मोठी माणसे जिथे मुक्कामाला राहिली तोच इतिहास आणि जे आले, वाजवून-गाऊन पुढच्या गावाला गेले ते करमणूक, अशी वाटणी नकळत पक्की होते. १९५१ साली विनोबा सेवाग्रामहून तेलंगणकडे चालत निघाले, त्या वाटेवरच्या मुक्कामांच्या नोंदी झाल्या. त्याच रस्त्यांवरून त्याआधी आणि त्यानंतर पेटी, तबला, खंजिरी, ढोलकी घेऊन गेलेल्या माणसांच्या मुक्कामांची नोंद ठेवावी, असे कोणाला वाटले नाही.

ही वाटणी मान्य करण्याचे कारण नाही. फिरत्या वादकाला वगळले तर या जिल्ह्यातील दोन मोठ्या गोष्टींचा अर्थच लागत नाही. एक, मराठी संगीत रंगभूमी वऱ्हाड-नागपुरापर्यंत कशी पोहोचली. दुसरी, ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टीत जे घडले ते कसे घडले.

आधी रूळ. वर्धा हे गाव मुळात इंग्रजी आमदानीत, १८६६च्या सुमारास पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसवले गेले. पुढच्याच वर्षी भुसावळ-नागपूर लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी वर्ध्यावरून जाऊ लागली. १८७०च्या दशकात हिंगणघाटकडे फाटा निघाला, तो पुढे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत गेला. १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची गाडी आली. हे सारे कापूस आणि कोळसा वाहण्यासाठी होते. हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापड गिरण्या निघाल्या, बाजारात रोख पैसा खेळू लागला. रोख पैसा आणि रेल्वे स्थानक या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे नाटक कंपनी पोहोचतेच.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व, बळवंत अशा मंडळ्यांनी मराठी मुलूख पालथा घातला. 'नागपूर-वऱ्हाडचा दौरा' हा नाट्यव्यवसायातला रुळलेला शब्दप्रयोग आहे. त्या दौऱ्याचा हिशेब कपाशीच्या हंगामाशी बांधलेला असे. सरकी निघाली, गाठी बांधल्या, व्यापाऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, की तंबू-थिएटरात गर्दी होई. पावसाळ्यात रस्ते चिखलाचे होत. मग कंपनी एखाद्या शहरात बिऱ्हाड करून राही, नव्या नाटकाच्या तालमी घेई.

या दौऱ्याचे वर्णन वाचायला मिळते ते नटाच्या किंवा मालकाच्या बाजूने. एखाद्या पदाला किती वन्समोअर पडले, शालू कोणता होता, अत्तर कोणते होते. आता तेच चित्र साथीदाराच्या जागेवरून पाहावे. नाटक रात्री सुरू होई आणि पदांवर पदे घेत पहाटेपर्यंत चाले. नट एका प्रवेशात गाई, दुसऱ्यात विसावे. तबलजी, सारंगीवाला आणि पायपेटीवाला यांना तसा विसावा नव्हता. नटाला त्या रात्री कोणता राग किती वेळ आळवावासा वाटेल याचा भरवसा नसे. लेखकाची संहिता छापलेली असे, पण वादकाची संहिता नटाच्या गळ्यात आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांत होती. पडदा पडला की सामान बांधायचे. पडदे, पेट्या, कपड्यांच्या ट्रंका मालडब्यात जात. सारंगी आणि तबला मात्र वादक स्वतःजवळ बाळगी, कारण ओल आणि धक्का या दोन्हींनी कातडे व तार बिघडते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात चढलेला तबला दमट गावी उतरतो. दर मुक्कामी नव्याने सूर जुळवणे हे त्या नोकरीचे न लिहिलेले कलम होते.

गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. थिरकवांचा जन्म मुरादाबादचा, तालीम मुनीरखाँसाहेबांची. ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती अशा कलावंतांनी मराठी पदातल्या अक्षरांच्या वजनाला शोभेल असा ठेका धरला. बालगंधर्वांच्या गाण्याचे जे सौष्ठव आज 'अस्सल मराठी' म्हणून मिरवले जाते, त्याच्या पायाशी हे हात आहेत. संस्कृती शुद्ध ठेवण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी ऑर्गन, सारंगी आणि तबला यांच्या या बैठकीकडे एकदा नीट पाहावे. युरोपात घडलेले वाद्य, उत्तर हिंदुस्थानातले वादक, मराठी पद आणि कपाशीचा पैसा.

येथे हमखास एक आक्षेप येतो. थिरकवांचे नाव तर सर्वांना ठाऊक आहे, १९७० मध्ये पद्मभूषणही मिळाले, मग अन्याय कसला? उत्तर सोपे आहे. थिरकवांचे नाव उरले ते कंपनी सुटल्यानंतरच्या आयुष्यामुळे. रामपूर दरबार, लखनौ, स्वतंत्र तबलावादनाच्या मैफली. तबल्याच्या इतिहासाने त्यांना सांभाळले, रंगभूमीच्या इतिहासाने नव्हे. ज्यांना असे दुसरे आयुष्य लाभले नाही ते शेकडो साथीदार कंपनी मोडली त्या दिवशीच संपले. बोलपट आले, मंडळ्या कर्जात बुडाल्या, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. त्यानंतर सारंगीवाल्याने कोणत्या गावी काय केले, हा प्रश्न त्या पाठाखालच्या स्वाध्यायातही नसतो.

पेटीवाल्यांवर तर आणखी एक घाव पडला. हार्मोनियम हे खऱ्या अर्थाने प्रवासाचे वाद्य. पेटी बंद करून उचलावी, बैलगाडीत ठेवावी, दुसऱ्या गावी उघडून वाजवावी. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला आणि १९११च्या 'मानापमान'ला चालीही दिल्या. मात्र १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले, ते पुढची तीन दशके. कारण सांगितले गेले ते श्रुतींचे आणि परकेपणाचे. श्रुतींचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या खोटा नाही, पेटीवर मींड निघत नाही हे खरे. पण ज्या काळात कंपन्या मोडत होत्या आणि रेडिओ हाच वादकाचा नवा मालक होऊ पाहत होता, त्याच काळात ही बंदी आली. वाद्याच्या शुद्धतेचा वाद विद्वानांनी घातला आणि त्याची किंमत फिरत्या पेटीवाल्याने मोजली. या बंदीवर लिहिताना बहुतेक अभ्यासक रवींद्रनाथांच्या नापसंतीपर्यंत जातात, वादकाच्या चुलीपर्यंत जात नाहीत.

आता रूळ सोडून गाडीवाटेवर यावे. इथले वाद्य वेगळे आहे. खंजिरी. लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले कातडे, कडेला वाजणाऱ्या चकत्या. एका हातात मावते, झोळीत राहते, दुरुस्तीला कारागीर लागत नाही, पावसाळी हवेत सैल पडली तर शेकोटीवर धरून पुन्हा ताणता येते. विदर्भात हे वाद्य ज्यांच्यामुळे घरोघरी पोहोचले ते तुकडोजी महाराज म्हणजे मूळचे माणिक बंडोजी इंगळे. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा, शिंप्याच्या घरातला. आज त्यांची तसबीर शाळांत आणि ग्रामपंचायतींत लावलेली असते, नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हार घातलेल्या तसबिरीमुळे एक साधी गोष्ट दृष्टीआड झाली आहे. हा माणूस आयुष्यभर गावोगाव हिंडणारा गायक-वादक होता, आणि त्याच्या प्रभावाचे साधन आधी आवाज व खंजिरी होते, ग्रंथ नंतर. 'ग्रामगीता' आली ती १९५५ मध्ये. तोवर दोन तपांहून अधिक काळ लोकांनी त्यांना वाचले नव्हते, ऐकले होते.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी (पुढचे सेवाग्राम) राहायला आले आणि त्याच वर्षी तुकडोजी सुमारे महिनाभर तिथे राहिले. या भेटीला चरित्रांत 'दोन संतांची भेट' असे गोंडस शीर्षक मिळते. तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. सामूहिक गाण्याचे बळ गांधीजींनी फार आधी ओळखले होते. पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या प्रार्थनेला स्वर देत आणि १९३० मध्ये दांडीयात्रेतही चालले. चळवळीला गाणे लागते आणि गाण्याला चालणारी माणसे लागतात, हे राजकीय भान होते. त्या भानाला नुसती भक्ती म्हणून मोकळे होणे हा आळस आहे.

आणि मग १९४२. १४ जुलै रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी निघून जावे असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले. ९ ऑगस्टला पहाटेच नेते तुरुंगात गेले. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोक उठले. आष्टीत जमाव पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, आंदोलक मारले गेले, पोलीसही मारले गेले. गावाला आज शहीद आष्टी म्हणतात.

९ ते १६ या सात दिवसांत काय झाले? ठराव करणारे सारे गजाआड होते. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, आणि आष्टीसारख्या गावात वृत्तपत्र वाचणारे मोजकेच. प्रचलित कथन इथे 'गांधीजींचा संदेश खेड्यापाड्यांत पोहोचला' असे एक वाक्य टाकून पुढे जाते. संदेश आपोआप पोहोचत नाही, तो कोणीतरी नेतो. शिवाय नुसती बातमी पोहोचून भागत नाही. शंभर माणसांनी एका वेळी घराबाहेर पडायचे तर ती एकमेकांना ओळखणारी, एका जागी जमण्याची सवय असलेली, एका स्वरात आवाज देऊ शकणारी असावी लागतात. ती सवय कवायतीने येते किंवा भजनाने.  तुकडोजींच्या फिरतीतून उभी राहिलेली भजन-आरती मंडळे होती.

याचा अर्थ एका भजनाने उठाव झाला असा कोणी काढू नये. समाजमाध्यमांवर दर ऑगस्टमध्ये फिरणाऱ्या मजकुरात तेच असते. महाराजांनी खंजिरी वाजवली आणि लोक ठाण्यावर चालून गेले. ही चमत्कारकथा आष्टीच्या लोकांवर अन्याय करते. त्यांचा निर्णय त्यांचा होता, मेले ते विचार करून बाहेर पडलेले लोक होते. युद्धकाळातील महागाई, सरकारी वसुली, काँग्रेस कार्यकर्त्यांचे काम, सारेच त्यात होते. दावा इतकाच आहे की गाण्याने माणसे जोडण्याचे जे काम वर्षानुवर्षे चालले होते, ते कारणांच्या यादीत वरच्या ओळीत हवे, 'वातावरणनिर्मिती' या शब्दात गुंडाळलेले नको.

सरकारला हे कळले होते. ऑगस्ट १९४२ मध्येच तुकडोजींना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवले गेले. मध्यप्रांताच्या प्रशासनाने खंजिरीला जितके गांभीर्याने घेतले तितके नंतरच्या कित्येक इतिहासकारांनी घेतले नाही, हा विनोद म्हणावा की आणखी काही?

त्या वर्षाअखेरची आठवण मात्र सर्वांना असते. चिमूरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्रा. जयकृष्ण भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले. ते स्मरण योग्यच आहे. फक्त पाहावे, की स्मरणात पुन्हा तोच आश्रम आला.

स्वातंत्र्यानंतरही हीच खोट दिसते. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या दीक्षेनंतर भीमगीतांच्या मंडळ्यांनी खेड्यापाड्यांच्या वस्त्या जागवल्या. नाशिक जिल्ह्यातून आलेले वामनदादा कर्डक (१९२२-२००४) महाराष्ट्रभर फिरले, त्यांची गीते संग्रहांत आली, त्यांवर प्रबंध झाले. शब्द कागदावर येतो म्हणून त्याचा अभ्यास होतो. रात्रभर ज्याने ढोलकी धरली त्याच्या हाताचा अभ्यास करायला विद्यापीठांना अजून विषयाचे शीर्षकही सुचलेले नाही.

'साधनेच नाहीत' हे यावरचे ठरलेले उत्तर. ते पुरते खरे नाही. १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्यामुळे नाटकांवर सरकारची नजर होती, आणि नजर ठेवणारे सरकार कागद ठेवते. जुन्या वृत्तपत्रांत दौऱ्यांच्या जाहिराती आहेत, नटांच्या आत्मचरित्रांत साथीदार ओझरते येतात आणि जातात, रेल्वेची वेळापत्रके आहेत. १९४२च्या खटल्यांचे कागद आहेत, त्यांत साक्षी आहेत, साक्षींत त्या आठवड्यात कोण कुठे जमले होते हे आहे. गावोगावच्या भजन मंडळांकडे वह्या आहेत, जिल्ह्यातल्या अनेक घरांत आजोबांची फुटकी पेटी माळ्यावर आहे आणि ती कोणाकडून आली हे सांगणारी एखादी आजी अजून आहे.

नागपूर, मुंबई आणि भोपाळ येथील अभिलेखागारांत जाणाऱ्यांनी 'राजकीय' शीर्षकाच्या फायली मागवताना 'करमणूक', 'जत्रा' आणि 'परवाने' या शीर्षकांच्याही मागवाव्यात. आष्टीला जाणाऱ्यांनी हुतात्मा स्मारकाचे छायाचित्र काढून झाल्यावर गावातल्या भजन मंडळाची जुनी वही पाहायला मागावी.