नावाआधी अभ्यासक्रम

एमबीबीएसनंतर एमपीएच या सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी अमेरिकेला निघालेले डॉक्टर आधी विद्यापीठांची क्रमवारी पाहतात. पाहायला हवा अभ्यासक्रमाचा तपशील. या पदवीने तिथे रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी सहसा यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सी लागते. म्हणजे मोल कौशल्याचे. मान्यताप्राप्त एमपीएचची किमान ४२ क्रेडिट्स कशात घेतली, यावर पुढचे बरेच ठरते. साथरोगशास्त्र तिथल्या सरकारी यादीत ‘स्टेम’ (विज्ञान-तंत्रज्ञान गटातला) विषय आहे, त्यामुळे पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडता येतात. नुसत्या ‘सार्वजनिक आरोग्य’ या नोंदीला ही सवलत नाही. माहितीपत्रकाच्या गुळगुळीत पानांवर हे सहसा ठळक दिसत नाही!

मोठ्या नावाने दारे उघडतात, हा आक्षेप खोटा नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या आरोग्य विद्यालयाचे माजी विद्यार्थी जगभर आहेत. पण वर्षभरात उरकणारा अभ्यासक्रम अनुभवी डॉक्टरला मानवतो. नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्याला दोन वर्षांचा, मधल्या सुट्टीत एखाद्या आरोग्य खात्यात प्रत्यक्ष काम करू देणारा अभ्यासक्रम अधिक शिकवतो. आणि परतून गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्येच काम करायचे असेल, तर डॉलरमधले कर्ज काढण्याआधी तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राचा विचार करावा. तिथे एमपीएच १९९७ पासून शिकवले जाते.